फॉर्ममधला नववा प्रश्न

आधी कडोलकर बाई बोलल्या,
अंगणवाडीच्या दारात, मी चपला शोधत असताना:
"शकू हाकेला वळत नाही हो. कान तपासून घ्या एकदा."

कान ठीक निघाले.
आमच्या वडगावच्या गल्लीत दिवसभर माग खडखडतात,
त्यातूनही तिला कळतं
की आपला दुसरा माग अर्ध्या ठोक्यानं मागं पडलाय.
मी उठायच्या आधी
ती तुटल्या धाग्यापाशी जाऊन उभी.
बहिरी कशी असेल?

पण हाक मारली की नाही.
"शाकंभरी." "शकू." "ए बाई."
विहिरीत खडा टाकावा
आणि पाणीच नसावं आत.

तंगेव्वा म्हणाली, घरात मराठी, गल्लीत कन्नड,
टीव्हीवर आणखी तिसरंच,
पोर घोटाळ्यात पडलंय, बोलंल की सावकाश.
इथं सगळा दोष शेवटी भाषेवर जातो.
पाटी कुठल्या लिपीत, मोर्चा कुठल्या तारखेला,
आणि आता माझ्या लेकीचं गप्प राहणंही
सीमाप्रश्नात जमा.
मला पटलं होतं. खरं सांगायचं तर
पटवून घेणं सोपं होतं.

सुनंदाला नाही पटलं.
ती लिहून ठेवायची, साडीच्या घडीतल्या पुठ्ठ्यावर,
हिशेबाच्या पेन्सिलीनं:

अर्धवट कांड्या ओळीत लावते. रंगानं नाही, वजनानं.
पाणी हवं तर माझा हात धरून माठावर ठेवते. बोट दाखवत नाही.
कुकरच्या शिट्टीला किंचाळते. मागाच्या आवाजात झोपते.
कुंदा थुंकला. पांढरं तेवढंच खाते.
शनिवारी लाईट गेली, सगळे माग थांबले,
त्या शांततेला घाबरून दोन तास रडली.

असे सहा पुठ्ठे झाले.
ते पिशवीत घालून सिव्हिलला गेलो. टोकन त्रेचाळीस.
मुलांच्या डॉक्टरीणबाई गदगकडच्या, फॉर्म कन्नडात.
"हेसरु करेदरे नोडताळेनु?"
"नाही," सुनंदा म्हणाली. मग "इल्ला" म्हणाली.
बाईंनी पुठ्ठे एकेक करून वाचायला मागितले,
मराठी अक्षरांवर बोट ठेवत, अडखळत,
आणि कुणी हसलं नाही.

मी विचारलं, दोन भाषांमुळं झालं काय हे?
"छे छे," त्या म्हणाल्या, "भाषा सोडू नका.
जी तुमच्या तोंडात आहे, तीच बोला हिच्याशी."
माझ्या छातीवरचं एक ओझं उतरलं
आणि त्याच जागी दुसरं येऊन बसलं.

नववा प्रश्न मी स्वतः वाचला, अक्षर अक्षर जोडत:
वस्तू ओळीत लावते का,
ओळ कुणी मोडली तर अस्वस्थ होते का.
उत्तर शकूचं द्यायचं होतं.
मला आठवल्या मराठी शाळेच्या पायरीवरच्या माझ्या काड्या,
लाथेनं उडवणारी पोरं,
आणि गल्लीनं मला दिलेलं नाव, घुम्या.
तीस वर्षं मी मागावर बसलोय
कारण माग डोळ्यांत बघायला सांगत नाही.
माझा फॉर्म कुणी भरला नाही.
मी "होय" लिहिलं. थोडं जास्तच दाबून.

कागदावर शेवटी एक शब्द आला, ऑटिझम.
खाली मराठीत त्यांनी विचारून लिहिलं, स्वमग्नता.
पुढच्या तारखा, थेरपीचे दिवस, सर्टिफिकेटचं वेगळं टेबल.
सुनंदा बसमध्ये खिडकीकडं तोंड करून होती.
मी विचारलं नाही. मला असं विचारता येत नाही.

संध्याकाळी हाक मारली नाही.
शकूच्या शेजारी फरशीवर बसलो
आणि तिच्या ओळीच्या टोकाला माझी एक कांडी ठेवली.
तिनं उचलली. तोलली.
चुकलो होतो.
ती तिनं तिसऱ्या आणि चौथीच्या मध्ये ठेवली,
आणि तळहात उघडून थांबली,
माझ्याकडं न बघता.

मी दुसरी कांडी दिली.
आत सुनंदा कोरा पुठ्ठा शोधत होती.